डागी सोयाबीनपासून शेतात विरघळणारं आच्छादन

काढणीच्या तोंडावर पाऊस आला की सोयाबीन काळं पडतं, डागतं, आणि बाजारात त्याला कुणी धड भाव सांगत नाही. लातूर, वाशीम, अकोला भागातल्या शेतकऱ्यांना हे नव्यानं सांगायची गरज नाही. त्याच शेताच्या बांधावर मागच्या हंगामातल्या टरबूज-मिरचीच्या मल्चिंग पेपरच्या चिंध्याही पडलेल्या असतात. २५-३० मायक्रॉनचा तो कागद पीक संपेपर्यंत इतका जीर्ण होतो की ओढून काढताना हातात तुकडा येतो आणि उरलेला मातीतच राहतो. या दोन अडचणी एकमेकींना थोड्याफार उपयोगी पडू शकतात. किती, हे आकड्यांत सांगावं आणि करायची रीत नीट सांगावी, एवढ्यासाठी हा लेख.

सोयाबीनमध्ये ३८ ते ४० टक्के प्रथिनं असतात. ती अल्कलीच्या पाण्यात विरघळवून, त्यात थोडं ग्लिसरीन घालून, तापवून, सपाट पृष्ठभागावर वाळवली की लवचीक पापुद्रा निघतो. जपान आणि चीनमध्ये सोयादुधावरची साय काढून, वाळवून शेकडो वर्षं खाल्ली जाते. तीही अशीच प्रथिनांची फिल्म असते. शेतीच्या दृष्टीनं या पापुद्र्याचा मोठा गुण म्हणजे तो नत्रानं भरलेला असतो. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा. पापुद्रा कुजला की ते नत्र जमिनीला मिळतं. म्हणूनच मी याकडे प्लॅस्टिकची नक्कल म्हणून पाहत नाही. काही आठवडे आच्छादन म्हणून राहणारं खत, असं समजून ते केलं तर अपेक्षाही बरोबर राहतात आणि जागाही बरोबर निवडली जाते.

आधी हिशेब करू. सहा फुटांवर गादीवाफे आणि १.२ मीटर रुंदीचा कागद धरला तर एकराला साधारण २,६५० चौरस मीटर आच्छादन लागतं. घरगुती पद्धतीनं एक किलो सोयाबीनपासून १०० मायक्रॉन जाडीची सुमारे चार चौरस मीटर फिल्म होते. याहून पातळ फिल्म हातानं नीट निघत नाही. म्हणजे एक एकर झाकायला साडेसहा क्विंटलच्या वर सोयाबीन लागेल. अनेक कोरडवाहू शेतांत एकराचं अख्खं उत्पन्नही तेवढं येत नाही. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. डागी माल त्याच्या निम्म्यानं धरला तरी हे गणित बसत नाही. नुसत्या प्रथिनांच्या फिल्मनं अख्खा एकर झाकण्याचा विचार कुणी तुम्हाला विकत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा.

जिथे क्षेत्र लहान आणि प्लॅस्टिक गोळा करणं सर्वात किचकट, तिथे मात्र हे फार कामाचं आहे. नव्या फळझाडांची आळी, रोपवाटिकेतल्या पिशव्या, परसबागेतले वाफे, ही ती ठिकाणं. खाकी क्राफ्ट कागदावर लेप दिला तर तेच एक किलो सोयाबीन २५ चौरस मीटरला पुरतं, कारण चौरस मीटरला २० ग्रॅम लेप भागतो. ताकद कागद देतो आणि पाणी अडवण्याचं, तण दाबण्याचं, कुजताना नत्र देण्याचं काम लेप करतो. ही कल्पना नवी नाही. १९३६ पासून शिकागोत ग्लिडन कंपनीसाठी पर्सी ज्युलियन या रसायनशास्त्रज्ञानं सोयाबीनचं प्रथिन मोठ्या प्रमाणावर वेगळं करून दाखवलं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग कागदावरच्या लेपासाठीच झाला.

आता कृती. साहित्य असं लागेल: एक किलो सोयाबीन, कॉस्टिक पोटॅश, लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अॅसिड, सुमारे १०० ग्रॅम ग्लिसरीन, पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या, मलमलचं फडकं आणि स्टीलची भांडी. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. अल्कली त्याला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. अनेक पुस्तकांत कॉस्टिक सोडा सांगितलेला असतो. मी पोटॅशच सांगेन, कारण सोड्यातलं सोडियम शेवटी जमिनीत जातं आणि आपल्या भारी काळ्या, ओलिताच्या जमिनी आधीच चोपण होण्याच्या वाटेवर आहेत. पोटॅशमधलं पालाश पिकालाच लागतं. दोन्ही रसायनं कातडी भाजतात. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, आणि नेहमी पाण्यात थोडे थोडे खडे टाका, खड्यांवर पाणी ओतू नका. पोटॅशचं दहा टक्क्यांचं द्रावण आधीच करून वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत ठेवा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ती बाटली नको.

सोयाबीन निवडताना डागी दाणा चालतो, पण मोड आलेला नको. मोड येताना दाणा स्वतःची प्रथिनं तोडून वापरतो, आणि तुटलेल्या प्रथिनांचा पापुद्रा कमजोर होतो. बुरशी धरलेला माल हाताळताना नाका-तोंडावर फडकं बांधा, आणि त्याचा चोथा जनावरांना घालू नका.

दाणे रात्रभर, दहा-बारा तास भिजवा. ते पाणी टाकून द्या. आठ लिटर स्वच्छ पाण्याबरोबर थोडे थोडे करून मिक्सरमधून किंवा ओल्या दळणाच्या यंत्रातून बारीक वाटा. पोटॅशचं द्रावण थेंबथेंब घालत पीएच ८.५ च्या आसपास आणा, तासभर अधूनमधून ढवळा आणि फडक्यातून गाळा. हे दूध उकळायचं नाही. उकळलं की प्रथिनं गुंततात आणि पुढे पुन्हा नीट विरघळत नाहीत. या टप्प्यावर चुन्याची निवळी वापरण्याचा मोह टाळा. चुन्यातलं कॅल्शियम सोयाप्रथिनाला साकळवतं, टोफू करतानाही कॅल्शियमचे क्षार वापरतात. चुना घातला तर बरंच प्रथिन चोथ्याबरोबर फेकलं जाईल.

गाळलेल्या दुधात लिंबूसत्त्वाचं पाणी हळूहळू घाला आणि पीएच ४.५ वर आणा. या बिंदूला सोयाप्रथिन पाण्यात राहूच शकत नाही. बघता बघता सगळं दूध फुटतं, दाट पांढरे कण खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. फडक्यात बांधून श्रीखंडाच्या चक्क्यासारखं टांगून ठेवा. पाणी निथळलं की एकदा साध्या पाण्यानं धुवा. काही जण हा टप्पा टाळून दूधच सरळ वाळवतात. तसं करू नका. दाण्यातली साखर या निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जाते. ती राहिली तर फिल्म चिकट होते आणि मुंग्यांना आमंत्रण मिळतं. निथळलेलं पाणी नाल्यात न सोडता कंपोस्टच्या ढिगावर टाका.

या गोळ्यात साधारण २५० ग्रॅम प्रथिन आणि त्याच्याबरोबर दाण्यातलं बरंचसं तेल असतं. तेल राहिलं याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यानं फिल्म थोडी मऊ आणि धुरकट होते खरी, पण पाण्याला अधिक टिकते. गोळा पाण्यात कालवून एकूण पाच लिटर करा. पोटॅशनं पीएच १० पर्यंत वाढवा. दाणेदार कालवण गुळगुळीत, घट्टसर पिवळट दूध होऊ लागलं की प्रथिन विरघळलं असं समजा. त्यात ग्लिसरीन घाला. ग्लिसरीनशिवाय फिल्म वाळल्यावर काचेसारखी तडकते. प्रथिनांच्या वजनाच्या ४० टक्के, म्हणजे इथे १०० ग्रॅम पुरतं. कागदावर लेप द्यायचा असेल तर ६० ग्रॅम बस.

आता हे पातेलं दुसऱ्या मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवून ७५ ते ८० अंशांवर अर्धा तास ढवळत राहा. याच उष्णतेनं गोळा होऊन बसलेली प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांना धरतात. सगळी ताकद इथून येते, म्हणून हा अर्धा तास कमी करू नका. थोडा उग्र वास येईल, तो गंधकयुक्त प्रथिनांचा असतो. हे काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी करा. वरचा फेस काढा, मलमलमधून पुन्हा गाळा आणि बुडबुडे वर येऊन फुटण्यासाठी वीस मिनिटं तसंच ठेवा.

पाण्यातला टिकाव वाढवायचा तर हिरडा वापरा. परदेशी प्रयोगांत यासाठी फॉर्मल्डिहाइड वापरलेलं दिसतं. ते विषारी आहे आणि आपल्या घरात किंवा शेतात त्याला जागा नाही. चामडं कमावताना बाभळीची साल किंवा हिरडा वापरतात तो त्यातल्या टॅनिनसाठी. टॅनिन प्रथिनांचे धागे एकमेकांना बांधतं, आणि इथेही तेच काम करतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं गोळा करतात तो हिरडा यासाठी उत्तम. ३५-४० ग्रॅम हिरड्याची पूड अर्धा लिटर पाण्यात उकळून गाळा, आणि तो काढा तापलेल्या द्रावणात अगदी बारीक धारेनं, ढवळत ढवळत घाला. एकदम ओतलात तर गाठी होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. काढा लोखंडी कढईत उकळला तर काळा पडतो. ते आपल्या फायद्याचंच आहे, कारण आच्छादन जितकं गडद तितकं खालचं तण कमी. पारदर्शक फिल्मखाली तण जोमानं वाढतं. याहून गडद रंग हवा असेल तर वस्त्रगाळ कोळशाची पूड मिसळा.

नुसती फिल्म करायची तर अॅक्रिलिकचा सपाट पत्रा घ्या, भोवती पट्टीचा काठ करा आणि पाणसळ लावून तो सर्व बाजूंनी समपातळीत आणा. चौरस मीटरला सव्वा लिटर द्रावण ओता. थर जेमतेम सव्वा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पत्रा किंचित कलला तरी एक बाजू जाड आणि दुसरी फाटकी निघते. कडक उन्हात वाळवू नका, वरची कातडी आधी आवळते आणि कडा वळतात. सौर वाळवणयंत्रात ४० ते ५० अंशांवर किंवा वाऱ्याच्या सावलीत वाळवा. बोट लावल्यावर चिकटत नाही पण दुमडल्यावर तडकतही नाही, अशा वेळी कडेपासून सोलून काढा. जाडी मोजायला यंत्र नसेल तर दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर तोला. १.२ ग्रॅमच्या आसपास भरला तर जाडी १०० मायक्रॉनजवळ आहे. तडे गेले तर ग्लिसरीन कमी पडलं किंवा वाळवण घाईत झालं. चिकट राहिली तर ग्लिसरीन जास्त झालं.

कागदाचं काम याहून खूप सोपं आहे. १०० जीएसएमचा, छपाई आणि प्लॅस्टिकचं अस्तर नसलेला क्राफ्ट कागद घ्या. सिमेंटच्या किंवा खाद्याच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद घेताना आत अस्तर आहे का ते फाडून पाहा. गरम द्रावण रुंद ब्रशनं एका बाजूला लावा, वाळू द्या, मग दुसऱ्या बाजूला. कागदाला ऊन चालतं. मातीत गाडल्या जाणाऱ्या कडा, वीतभर रुंदीच्या, सर्वात आधी कुजतात आणि तिथूनच वारा कागद उचलतो. त्या कडांना वाळल्यावर जवसाच्या तेलाचा एक हात द्या. हे तेल हवेत वाळून घट्ट थर होतं. मात्र तेलानं भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून किंवा उघडी पसरून वाळवा, मगच टाका.

द्रावण उरलं तर दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका, एका रात्रीत आंबतं आणि नासतं. लेप दिलेला वाळका कागद मात्र कोरड्या जागी, झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा. उंदरांना प्रथिनांचा वास लगेच कळतो.

आता शेतात. फळझाडाच्या आळ्यासाठी ६० सेंटिमीटर व्यासाची चकती कापा, कडेपासून मध्यापर्यंत एक छेद द्या आणि खोडाभोवती पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. ही जागा महत्त्वाची आहे. प्रथिन कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळ्या सालीला तो भाजू शकतो. नुसत्या फिल्मची अशी एक चकती कुजून साधारण तीन ग्रॅम नत्र देते, म्हणजे सहा ग्रॅम युरियाइतकं. लेपाच्या कागदातून याच्या सहाव्या हिश्शाइतकंच मिळतं, आणि तेही बरंचसं कागद कुजवणाऱ्या जिवाणूंच्या उपयोगी पडतं. ठिबकचा ड्रीपर चकतीच्या बाहेर ठेवा. सतत थेंब पडत राहिला तर कागद त्या जागी आठवडाभरात भोक पडून फाटतो. चकतीवर मूठ-दोन मुठी माती किंवा चार खडे ठेवा.

मोसम पाहूनच वापरा. पावसाळ्यात नुसती फिल्म टिकत नाही, फुगते आणि मऊ पडते. रब्बी आणि उन्हाळा हा तिचा काळ. पावसाळ्यात करायचंच असेल तर जवसतेलाच्या कडांचा कागद वापरा. गादीवाफ्यांच्या मोठ्या क्षेत्राला मात्र उसाचं पाचट, सोयाबीनचं काड किंवा गव्हाचा भुसा हेच माझ्या मते आजही पहिलं उत्तर आहे. ते शेतातच तयार होतं आणि त्याला कॉस्टिक पोटॅश लागत नाही.

रोपवाटिकेसाठी याच कागदाच्या नळ्या करता येतात. बाटलीभोवती पट्टी गुंडाळायची, शेवटच्या कडेला हेच द्रावण डिंक म्हणून लावायचं, खालचा भाग दुमडायचा. रोप नळीसकट खड्ड्यात जातं, मुळं दुखावत नाहीत आणि मागे काळ्या पिशव्यांचा ढीग उरत नाही. नळ्या रोपवाटिकेत एकमेकींना खेटून ठेवू नका, मध्ये हवा खेळली पाहिजे, नाहीतर बाहेरून बुरशी धरते. चार ते सहा आठवड्यांत लावणीला येणाऱ्या भाजीपाल्याच्या रोपांना हे चांगलं जमतं. वर्षभर पिशवीत राहणाऱ्या कलमांना नाही.

बचत गटानं किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं तर दाण्याऐवजी तेल काढलेलं पीठ परवडतं. पण पशुखाद्याची नेहमीची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, घेऊ नका. ती मुद्दाम भाजलेली असते, आणि भाजल्यावर बरंच प्रथिन विरघळेनासं होतं. तेल गिरणीकडे न भाजलेल्या पिठाची मागणी करा. विदर्भात सरकीची पेंडही विचारात घेण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये माँपेलिए इथे १९९० च्या दशकात संशोधकांनी सरकीच्या पिठापासून अशा फिल्म केल्या, आणि सरकीतलं गॉसिपॉल, जे कोंबड्यांना आणि वासरांना बाधतं, तेच प्रथिनांना बांधायला उपयोगी पडतं असं त्यांना आढळलं. मक्याचं प्रथिन विरघळायला अल्कोहोल लागतं. ते घरच्या कामात आणू नका.

विकत घेताना एक गोष्ट तपासा. 'कंपोस्टेबल' लिहिलेलं प्लॅस्टिक शेतात कुजेलच असं नाही. ती चाचणी कारखान्यातल्या ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टची असते. आपल्या जमिनीत तेवढी उष्णता नसते. शेतातल्या आच्छादनासाठी युरोपात २०१८ साली ईएन १७०३३ हे वेगळं मानक आलं. साध्या तापमानाच्या मातीत दोन वर्षांत किमान ९० टक्के कुजलं पाहिजे, अशी त्याची अट आहे. विक्रेत्याला या मानकाचा दाखला मागा. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' असं काही दाखवत असतील तर घेऊ नका. ते कुजत नाही, बारीक तुकडे होऊन मातीत पसरतं. युरोपीय संघात २०२१ पासून त्यावर बंदी आहे.

आपली फिल्म किती दिवसांत कुजते हे स्वतः पाहणं अवघड नाही. तोललेले तुकडे नायलॉनच्या जाळीच्या पुरचुंडीत घालून पाच सेंटिमीटर खोल पुरा, दर आठवड्याला एक पुरचुंडी काढा, धुवा, वाळवा, तोला. सोबत दुसरी चाचणीही करा. फिल्मचे तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवून त्या पाण्यावर मेथीचे वीस दाणे रुजत घाला, आणि साध्या पाण्यावर आणखी वीस. उगवण स्पष्टपणे कमी दिसली तर अल्कली जास्त झाली आहे. पुढच्या वेळी ओतण्याआधी पीएच ९ च्या जवळ ठेवा.

पहिल्या हंगामात दहा आळ्यांपुरतंच करा. शेजारची दहा आळी उघडी ठेवा आणि आणखी दहांना पाचट घाला. तिन्हींत तण किती वेळा काढावं लागलं, पाणी किती दिवसांनी द्यावं लागलं आणि चकती कधी फाटली, एवढं वहीत लिहा. ती वही जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा आणि तुमच्या मातीचा नमुनाही सोबत न्या.